जनावरांची लघवी तुंबणे व मूत्राशयातील बुरशी
श्राव्यातीत ध्वनिलहरींनी करावयाची तपासणी

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील खांडबारा हे उधना-जळगाव लोहमार्गावरील बाजाराचे गाव आहे. भोवतालच्या खेड्यांतून व पाड्यांतून भात, तूर व ज्वारी पिकविणारे आदिवासी शेतकरी येथे येतात. पाऊसमान बरे असल्याने भाताचे तण जनावरांच्या वैरणीत मोठ्या प्रमाणावर असते, व तुरीची चुणी आणि भाताचा कोंडा हे घरचेच खाद्य होय. बैलजोडी शेतीचा आधार आणि शेळ्या-बोकड ही अडीअडचणीला मोडता येणारी ठेव, असा येथील संसाराचा हिशेब आहे. अशा घरात बैलाची किंवा बोकडाची लघवी अचानक बंद झाली, तर दोन-तीन दिवसांत ही ठेव बुडते. पेरणीच्या तोंडावर एक बैल गेला, तर जोडीतला दुसराही रिकामा उभा राहतो.

ह्या विकाराकडे पुष्कळदा पोटदुखी समजून दुर्लक्ष होते. पोटाच्या आत काय घडले आहे हे बाहेरून दिसत नाही, हेच त्याचे मुख्य कारण होय. ती उणीव आता श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या तपासणीने, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या सोनोग्राफीने, बऱ्याच अंशी भरून निघाली आहे. लघवी कोठे अडली, मूत्राशय शाबूत आहे की फुटले, त्यात खडा आहे, गाळ आहे की बुरशी वाढली आहे, हे ह्या तपासणीने पुष्कळ अंशी कळते. शेतकरी बांधवांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या साधनाची शक्ती व मर्यादा दोन्ही जाणून घेणे हितावह आहे.

लघवी का तुंबते?

गाय-म्हैस व शेळी यांच्यात मूत्रनलिका आखूड व रुंद असते. त्यामुळे लहान खडे वाहून जातात. बैल व बोकड यांच्यात ती लांब व अरुंद असून वाटेत तिला दुहेरी वळण असते. बैलाचा खडा बहुधा ह्या वळणाच्या खालच्या भागी अडकतो. बोकडाच्या व मेंढ्याच्या इंद्रियाच्या टोकाला गांडुळासारखी बारीक नळी असते. तेथे वाळूच्या कणाएवढा खडाही वाट बंद करू शकतो. फार लहान वयात खच्ची केलेल्या नरात मूत्रनलिकेची वाढ पुरती होत नाही. म्हणून अशा जनावरांना हा धोका अधिक असतो.

खडा धरण्याचे मूळ खाण्यापिण्यात आहे. भाताचा किंवा गव्हाचा कोंडा व धान्य यांत स्फुरद जास्त आणि चुना कमी असतो. बोकड लवकर पुष्ट व्हावा म्हणून केवळ कोंडा व भरडा यांवर त्याला पोसले, तर जादा स्फुरद लघवीत उतरते व त्याचे खडे बनतात. भाताच्या तणात ऑक्झलेट व सिलिका ही द्रव्ये असतात. त्यांपासूनही निराळ्या जातीचे खडे होऊ शकतात. अशा आहारास अपुऱ्या पाण्याची जोड मिळाली की लघवी घट्ट होते आणि खडे जमण्यास अनुकूल स्थिती तयार होते. थंडीत जनावर पाणी कमी पिते आणि उन्हाळ्यात पाणीच कमी मिळते. म्हणून दोन्ही ऋतूंत दक्षता हवी.

लक्षणे कशी ओळखावीत?

लघवी अडलेले जनावर वारंवार लघवीचा पवित्रा घेते, कुंथते, शेपटी वरखाली हलविते, मागील पायाने पोटावर लाथा मारते व दात खाते. लघवी थेंबथेंब येते किंवा मुळीच येत नाही. मूत्रेंद्रियाजवळचे केस कोरडे राहतात व त्यांवर मिठासारखे पांढरे कण चिकटलेले आढळतात. जनावर चारा सोडते व रवंथ बंद करते. बोकड कुंथताना ओरडतो. त्याला बद्धकोष्ठ झाला असावा, असा चुकीचा समज तेव्हा होऊ शकतो.

ह्यानंतरची अवस्था फसवी असते. तट्ट फुगलेले मूत्राशय फुटले की वेदना एकदम कमी होतात, जनावर शांत उभे राहते व दुखणे उतरले असे मालकास वाटते. वस्तुतः लघवी आता पोटाच्या पोकळीत साठू लागलेली असते. पुढे पोट दोन्ही बाजूंनी खालच्या अंगास फुगते, रक्तात विषारी द्रव्ये वाढतात व जनावर मलूल होऊन दगावते. मूत्राशयाऐवजी मूत्रनलिका फुटली, तर पोटाखालच्या कातडीत लघवी उतरून तेथे सूज दिसते. म्हणून लघवी न होता आलेला आराम हे सुचिन्ह न मानता तातडीचा इशारा मानावा.

लाल लघवी मात्र निराळी समजावी. गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिया रोगात भरपूर ताप असतो व लघवी कॉफीच्या रंगाची होते. म्हैस व्याल्यानंतरच्या काही आठवड्यांत स्फुरदाच्या कमतरतेमुळेही लघवी लाल होऊ शकते. ह्या दोन्ही रोगांत लघवीची वाट मोकळी असते. दोष रक्तातील तांबड्या पेशी फुटण्यात असतो. रंग, ताप आणि लघवीची धार ह्या तीन गोष्टींची नीट माहिती पशुवैद्यकास दिल्यास निदानाची दिशा लवकर ठरते.

ध्वनीने आतले कसे दिसते?

दरीत हाक मारली असता ती समोरच्या कड्यावर आपटून परत येते. वटवाघूळ ह्याच युक्तीने अंधारात वाट काढते. मनुष्याचा कान सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. त्यापलीकडील ध्वनीस श्राव्यातीत म्हणतात. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत् निर्माण होते, हा शोध फ्रान्समधील प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला. उलटपक्षी अशा स्फटिकास विद्युत् दिली असता तो कंप पावून ध्वनी निर्माण करतो. तपासणीच्या यंत्राची हातात धरावयाची शलाका ह्याच तत्त्वावर चालते. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये पोटातील गाठींच्या अशा तपासणीविषयी निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर ह्या पद्धतीचा वैद्यकात प्रसार होत गेला.

पोटाच्या तपासणीत वापरला जाणारा ध्वनी सेकंदास काही दशलक्ष कंपनांचा असतो. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदास सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटिमीटर खोलीवर आपटून परत येण्यास त्याला सेकंदाचा साधारण सात-आठ हजारावा भाग पुरतो. यंत्र हा वेळ मोजते, त्यावरून खोली ठरविते व परतलेल्या ध्वनीच्या जोरावरून काळा, करडा किंवा पांढरा ठिपका काढते. अशा असंख्य ठिपक्यांचे मिळून पडद्यावर चित्र उमटते. ह्या तपासणीत क्ष-किरण नसतात. त्यामुळे ती पुनःपुन्हा करता येते, आणि रोगावर नजर ठेवण्याच्या कामी हा गुण फार मोलाचा ठरतो.

बोकडाच्या जांघेजवळचे केस कापून, तेथे जेली लावून शलाका टेकवितात. जेली नसेल तर शलाका व कातडी यांमध्ये हवा राहते आणि ध्वनी आत शिरत नाही. बैलाचे अंग मोठे असल्याने मूत्राशय पाहण्यासाठी शलाका बहुधा गुदद्वारातून आत नेतात. ह्या कामी चिरफाड नसते. मात्र जनावर नीट बांधणे व मालकाने जवळ उभे राहणे अवश्य आहे.

पडद्यावरील चित्राचा अर्थ

निरोगी मूत्राशयातील स्वच्छ लघवी ध्वनी परत पाठवीत नाही. म्हणून ती पडद्यावर काळीभोर दिसते व तिच्याभोवती भिंतीची पातळ करडी रेघ असते. वाट अडली असेल तर मूत्राशय ताणून मोठे झालेले दिसते. फार काळ अडल्यास दाब वर चढून मूत्रपिंडाचा आतील भागही फुगतो. मूत्राशय फुटले असल्यास ते लहान व सुरकुतलेले दिसते, किंवा ओळखूच येत नाही, आणि आतड्यांच्या भोवती काळे पाणी साठलेले आढळते.

खडा असेल तर तो पांढरा झगझगीत दिसतो व त्याच्या मागे काळी सावली पडते, कारण कठीण वस्तूतून ध्वनी पुढे जात नाही. बारीक रेती किंवा पू तरंगत्या ठिपक्यांसारखा दिसतो व जनावर हलविल्यास ढवळून निघतो. वायू असल्यास चमकदार रेघ व तिच्यामागे मळकट सावली येते.

बुरशीचा गोळा मात्र खड्याहून वेगळा ओळखावा लागतो. तो गोलसर व करड्या-पांढऱ्या रंगाचा असून त्याच्यामागे बहुधा सावली पडत नाही, आणि रोग्याची कूस बदलली की तोही जागा बदलतो. सोबत मूत्राशयाची भिंत जाड व खडबडीत झालेली आढळू शकते. परंतु रक्ताची गुठळी व पुवाचा गोळाही थेट असाच दिसतो. ध्वनी वस्तूचा आकार दाखवितो, तिची जात सांगत नाही. म्हणून चित्र पाहून ‘ही बुरशीच’ असे म्हणणे शास्त्रास धरून होत नाही.

जात ठरविण्यासाठी लघवीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात व प्रयोगशाळेत त्याचे संवर्धन करतात. खाली पडलेली किंवा गोठ्यातील भांड्यात धरलेली लघवी ह्या कामी निरुपयोगी असते, कारण शेण, माती व कातडीवरील बुरशी तिच्यात मिसळते. पशुवैद्यक प्रसंगी ध्वनिचित्रावर नजर ठेवून बारीक सुई थेट मूत्राशयात घालतात व निर्मळ नमुना घेतात. सुई कोठे आहे हे पडद्यावर दिसत असल्याने हे काम अधिक सुरक्षित होते.

बुरशी मूत्राशयात शिरते कशी?

येथे संबंध असलेली बुरशी मुख्यतः कॅन्डिडा वर्गातील होय. ती पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या जातकुळीतील असून निरोगी प्राण्यांच्या तोंडात, आतड्यात व कातडीवर उपद्रव न देता राहते. तेथील जीवाणू तिला फार वाढू देत नाहीत. जीवाणुनाशक औषधे दीर्घकाळ दिली की हा पहारा उठतो व बुरशीला मोकळे रान मिळते. दुग्धव्यवसाय करणाऱ्यांना ह्याचे उदाहरण कासदाहात पाहावयास मिळते. सडात औषधाच्या नळ्या अस्वच्छ हाताने पुनःपुन्हा सोडल्या, तर जीवाणू मरतात परंतु बुरशीचा कासदाह उद्भवू शकतो, आणि मग तेच औषध कितीही दिले तरी दूध सुधारत नाही.

मूत्राशयाच्या बाबतीत बुरशीला दुसरा आश्रय मिळतो तो रबरी नळीचा. लघवी तुंबलेल्या बोकडास किंवा बैलास शस्त्रक्रिया करून पोटातून मूत्राशयात नळी बसविण्याची पद्धत आहे. त्यायोगे लघवी बाहेर पडत राहते व मूळ वाट मोकळी होण्यास अवधी मिळतो. ही नळी काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत ठेवावी लागते. बाहेरची वस्तू शरीरात राहिली की तिच्या पृष्ठावर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. बहुतेक वेळा हे जंतू जीवाणूच असतात. परंतु कुत्रा, मांजर व मनुष्य यांच्या मूत्राशयात बुरशीही आढळते, आणि लांबलेली औषधे, नळी, मधुमेह व खालावलेली प्रतिकारशक्ती ही तिची प्रमुख कारणे मानली जातात.

उपचार व त्यावरील देखरेख

पूर्ण अडलेल्या जनावरास बळेच पाणी पाजणे किंवा लघवी सुटण्याचे औषध देणे ही घातक चूक होय. बांध फुटण्याच्या बेतात असता कालव्यात आणखी पाणी सोडण्यासारखे ते ठरते. प्रथम वाट मोकळी झाली पाहिजे. बोकडाच्या टोकाशी खडा असल्यास पशुवैद्यक ती बारीक नळी कापून अडथळा दूर करतात. खडा वर असल्यास शस्त्रक्रिया किंवा वर वर्णिलेली मूत्राशयातील नळी हा मार्ग असतो. स्फुरदाचे खडे विरघळण्यासाठी व पुन्हा होऊ नयेत म्हणून अमोनियम क्लोराइड देतात. त्याचे सर्वसाधारण प्रमाण दर किलो वजनास दररोज २०० मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या बोकडास ६ ग्रॅम असे असते. सिलिकाच्या किंवा ऑक्झलेटच्या खड्यांवर त्याचा तसा गुण येत नाही. म्हणून ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

नळी बसविल्यानंतर काही दिवसांनी लघवी गढूळ झाली, दुर्गंध आला, ताप चढला किंवा खाणे पुन्हा सुटले, तर फेरतपासणी करावी. ध्वनिचित्रात तरंगता गाळ, जाड भिंत किंवा सावली न पाडणारा गोळा दिसल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. बुरशी सिद्ध झाल्यास पहिला उपाय म्हणजे शक्य तितक्या लवकर नळी काढणे अथवा बदलणे व अनावश्यक जीवाणुनाशके थांबविणे. बुरशीनाशक औषध द्यावे किंवा नाही, हे पशुवैद्यकाने ठरवावे. दूध व मांस माणसाच्या खाण्यात येते हे ध्यानात घेऊन, औषध दिल्यानंतर किती दिवस ते वापरू नये हेही त्यांजकडून विचारून घ्यावे.

उपचार लागू पडतो आहे की नाही, हे पुढील तपासण्यांतून कळते. गोळा लहान होत जातो, गाळ निवळतो, भिंत पातळ होते व मूत्रपिंडाचा फुगवटा उतरतो. मात्र दर वेळी मूत्राशय साधारण सारखेच भरलेले असावे. रिकाम्या मूत्राशयाची भिंत आकसून मुळातच जाड दिसते, आणि त्यावरून रोग वाढल्याचा खोटा ग्रह होतो. चित्र सुधारले तरी लघवीची प्रयोगशालेय तपासणी निर्दोष येईपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.

घरातील माणसांसाठी दोन शब्द

गोठ्याला लागू असलेले हे तत्त्व घरालाही लागू आहे. मधुमेहाचे रोगी, लघवीसाठी नळी लावलेले वृद्ध आणि दीर्घकाळ औषधे घेतलेले आजारी यांच्या लघवीत कॅन्डिडा सापडू शकते. लघवीत बुरशी सापडली परंतु जळजळ, ताप, पोटात कळ असा काहीच त्रास नाही, तर बहुतेकांना औषधाची गरज नसते. नळी काढल्यानेच ती पुष्कळदा नाहीशी होते. फार कमी वजनाचे नवजात बालक, रक्तातील पांढऱ्या पेशी अत्यंत घटलेले रोगी व मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हावयाची असलेले रोगी हे याला अपवाद आहेत. त्रास असल्यास डॉक्टर बहुधा फ्लुकोनाझोल हे औषध दोन आठवडे देतात, कारण ते कार्यक्षम स्थितीत लघवीत उतरते. कॅन्डिडाच्या काही जाती त्यास दाद देत नाहीत. म्हणून येथेही संवर्धन तपासणी महत्त्वाची. बुरशीच्या गोळ्याने मूत्रपिंडाची वाट अडली, तर केवळ औषधावर विसंबता येत नाही. वाट मोकळी करावी लागते, आणि तो अडथळा सोनोग्राफीत वेळीच दिसून येऊ शकतो. सोनोग्राफी रोगनिदानासाठी आहे. तिचा उपयोग गर्भाचे लिंग जाणण्यासाठी करणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगत राहावे.

प्रतिबंध हाच स्वस्त उपाय

खडा झाल्यावर शस्त्रक्रियेची व्यवस्था करण्यापेक्षा तो होऊ न देणे कितीतरी सोपे आहे. जनावरांपुढे दिवसभर स्वच्छ पाणी असावे, थंडीत ते फार गार नसावे. खाद्यात मीठ घातल्याने तहान वाढते व लघवी पातळ राहते. बोकडास नुसता कोंडा व भरडा न देता हिरवा चारा व झाडपाला भरपूर द्यावा. आहारात चुना व स्फुरद यांचे प्रमाण साधारण दोनास एक असावे. तूर, चवळी यांसारख्या द्विदल पिकांच्या पाल्यात चुना चांगला असतो. तेव्हा तुरीचा पाला वाया न घालविता वैरणीत मिसळावा. भाताच्या तणावरच जनावर ठेवू नये. बोकड फार लहान वयात खच्ची करू नये.

कार्यकर्त्यांनी व पशुपालकांनी लक्षात ठेवावयाचे मुद्दे

१. बैल किंवा बोकड कुंथत असेल, तर प्रथम त्यास लघवी होते की नाही ते पाहावे व शेवटची लघवी केव्हा झाली ती वेळ लिहून ठेवावी.

२. लघवी बंद असल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. दवाखान्यात सोनोग्राफीची सोय नसल्यास ती कोठे मिळेल, हे तेथेच विचारावे.

३. बळेच पाणी पाजू नये, लघवी सुटण्याचे औषध देऊ नये, पोट दाबू नये.

४. लघवी न होता जनावर एकाएकी शांत झाले, तर अधिकच घाई करावी.

५. नळी बसविलेल्या जनावराची जागा कोरडी ठेवावी, नळीस हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, नळी ओढली किंवा मुडपली जाणार नाही असे पाहावे व लघवीचा रंग रोज पाहावा.

६. उरलेली जीवाणुनाशक औषधे मनाने देऊ नयेत. फेरतपासणीची तारीख चुकवू नये.

ध्वनिलहरींच्या ह्या यंत्राने पोटातील अंधार दूर केला आहे. परंतु त्याच्यापर्यंत जनावर वेळेवर पोचविणे शेतकऱ्याच्याच हाती आहे. रोज सकाळी गोठ्यात शेण काढताना जनावराने लघवी केली की नाही, एवढे पाहण्याची सवय लागली, तर पुष्कळ बैल व बोकड हकनाक मरण्यापासून वाचतील.